ठिगळ शोधा

फोन वाजला तेव्हा भिंगताई एका मांजराच्या मिशा पुसत होत्या.

मांजर फोटोतलं होतं. घरगुती कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्या दर महिन्याला एखाद्या नव्या प्रोग्रामची परीक्षा घेत, आणि बारीकसारीक खोट काढण्याच्या त्यांच्या सवयीमुळे संपादकापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भिंगताई म्हणत. या महिन्यात चित्रं रंगवण्याचा आणि फोटो दुरुस्त करण्याचा एक प्रोग्राम त्यांच्या वाट्याला आला होता. त्यातलं खोडरबर मिशा पुसत होतं, पण मिशांबरोबर मांजराचा गालही खात होतं.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. दबका, धाप लागल्यासारखा.

"तुम्ही ज्या प्रोग्रामची परीक्षा घेताय ना, तो माझ्या नवऱ्याने लिहिलाय. ते गेल्या आठवड्यापासून घरी आलेले नाहीत. समुद्रावरून त्यांचा फोटो आलाय. पण ताई, फोटोत त्यांच्या अंगात जो शर्ट आहे, तो माझ्या कपाटात लटकतोय."

भिंगताईंनी मांजर तसंच सोडलं आणि पत्ता विचारला.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात तो शर्ट होता, हिरवट चौकड्यांचा. तिने सगळं एका दमात सांगितलं. नवरा सकाळी घरातून निघाला, एका माणसाला भेटून मग ऑफिसला जातो म्हणाला, आणि परत आलाच नाही. तिने पोलिसांत कळवलं. लगेच त्याच्या पत्त्यावरून ई-मेल आली. मी फार दमलोय, थोडे दिवस एकटा राहतो, शोधाशोध करू नका. सोबत हा फोटो. इन्स्पेक्टरने तो पाहिला आणि हात झटकले. मोठा माणूस स्वतःच्या मर्जीने गेलाय, त्याला काय बेड्या घालून आणायचं? शर्टाचं सांगितलं तर म्हणाला, एकसारखे दोन शर्ट असतात.

"नसतात," शिक्षिका म्हणाली. "खिशाचं बटण मी शिवलंय. हिरवा दोरा संपला होता म्हणून लाल दोऱ्याने. फोटोतही लाल आहे, बघा."

भिंगताईंनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो फोटो मोठा करून घेतला. समुद्रकाठचा दगडी कठडा. त्यावर बसलेला चाळिशीचा, विस्कटलेल्या केसांचा माणूस. मागे शांत पाणी आणि पाण्यावर एकच होडी. ऊन डोक्यावरचं, होडीची सावली थेट तिच्या पोटाखाली. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र उजेड डावीकडून पडला होता, खोलीतल्या खिडकीतून पडतो तसा.

म्हणजे माणूस दुसरीकडचा, समुद्र दुसरीकडचा.

पण काम करणाऱ्याचा हात पक्का होता. केसांची एकेक बट सुटी काढलेली. जुन्या फिल्मच्या फोटोत वाळूसारखे बारीक कण दिसतात, ते समुद्राच्या फोटोत होते आणि माणसाच्या अंगावरही तसेच पेरले होते, जोड उघडा पडू नये म्हणून. ज्याने इतक्या निवांतपणे हे बसवलं, त्याला या माणसाचं पुढे काय करायचं होतं?

शिक्षिकेला लगेच सगळं सांगणं त्यांना बरं वाटलं नाही. फोटोत काहीतरी जुळत नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि हा फोटो आणखी कोणी पाहिलाय का ते विचारलं. कोणी नाही. पोलिसांना दाखवला तेवढाच. दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, ती फोनवर बोलली होती, पण तो त्याच्या गडबडीत होता. भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोकडे तिने बोट केलं. दादाने काढलेला तो फोटो कोणाला माहीत नव्हता? पुराच्या छातीभर पाण्यातून अग्निशमन दलाचा एक जवान चालत येतोय आणि त्याच्या दोन्ही हातांत एक लहान मूल आहे. या एका फोटोने दादाचं नाव घराघरांत पोचवलं होतं. येत्या रविवारी शहराच्या संग्रहालयात तो कायमचा लागणार होता, समारंभपूर्वक. नवऱ्याच्या प्रोग्रामबरोबर नमुन्याला जे फोटो दिले होते, त्यांतही तो कौतुकाने घातलेला होता.

"ऑफिसच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"एक जुडगा यांच्याकडे, एक भागीदाराकडे." ती जरा घुटमळली. "त्या दोघांचं भांडण झालं होतं, ताई. मागच्याच आठवड्यात. जोरात."

भागीदाराचं ऑफिस म्हणजे जिना चढून दोन खोल्या, खोक्यांनी भरलेल्या. भागीदार गोरा, घामेजलेला आणि तोंडाने फटकळ. त्याने भिंगताईंना खुर्ची दिली, प्रोग्रामचं चकचकीत जाहिरातपत्रक हातात दिलं आणि परीक्षणात चार शब्द बरे लिहा म्हणाला. पत्रकावर हसणारी एक बाई बागेत उभी केली होती. तिच्या डोक्याभोवती कापून चिकटवल्याची पांढरी कड सगळीकडून दिसत होती.

"हे कोणी केलं?"

"मीच. का? छान नाही जमलं?"

भिंगताईंनी त्याचं मन मोडलं नाही. त्या मुद्द्यावर आल्या.

"भांडण कशावरून झालं?"

"वेळेवरून. तो म्हणाला, प्रोग्राम बाजारात आणायच्या आधी त्याला एका माणसाशी बोलायचंय. कोणाशी, ते सांगेना. मी म्हटलं, बोलणी नंतर कर, आधी माल बाहेर काढ."

"आणि तो गेल्यावर तुम्ही मला प्रोग्रामची दुसरी डिस्क पाठवलीत."

"कसली दुसरी डिस्क?"

भिंगताईंनी पर्समधून ती काढून टेबलावर ठेवली. चार दिवसांपूर्वी ती घरी आली होती. सोबत छापील चिठ्ठी होती, की ही सुधारलेली आवृत्ती वापरावी आणि जुनी फेकून द्यावी. त्या हीच वापरत होत्या, आणि तिच्यात एक घोळ त्यांना सापडला होता. प्रोग्रामबरोबरच्या माहितीपुस्तकात सातवं प्रकरण होतं, 'ठिगळ शोधा' नावाच्या सोयीवर. फोटोत कुठे काही बाहेरचं आणून जोडलं असेल, तर ती जागा लाल करून दाखवणारी सोय. पुस्तकात तिचं पानभर कौतुक होतं. डिस्कवर ती नव्हतीच.

भागीदाराने डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली, यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुस्तक मी लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "सातवं प्रकरण म्हणजे आमचा हुकमाचा पत्ता. नाहीतर असले प्रोग्राम ढिगाने पडलेत. हे कोणी काढलं?"

"काढणं अवघड आहे?"

"छे. ती फाइल वेगळी असते. ती पुसली की झालं. ज्याला प्रोग्राम नुसता वापरता येतो, तोही पुसेल. पण पुसायची कशाला?"

भिंगताईंनाही तेच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी ऑफिसच्या दाराचं कुलूप बघून घेतलं. फोडल्याची खूण नव्हती. म्हणजे ही डिस्क बनवायला कोणीतरी किल्लीने उघडून आत आलं होतं, आणि त्याच कॉम्प्युटरवरून ई-मेलही गेली असणार.

तिथून त्या दादाच्या स्टुडिओत गेल्या. फोटोतला जाणकार माणूस म्हणून त्यांचं मत घ्यावं, असं शिक्षिकेनेच सुचवलं होतं. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती, म्हणून भिंगताईंनी स्कूटर मागच्या बोळात लावली. स्टुडिओची मागची भिंत तिथे कोरी होती, खिडकी नाही की झरोका नाही. फक्त वर हवा बाहेर फेकणारा एक छोटा पंखा घरघरत होता.

दादा साठीचे, पांढऱ्या दाढीचे, आवाजाने मऊ. त्यांनी पाणी विचारलं, बसायला सांगितलं, बहिणीची काळजी बोलून दाखवली. स्टुडिओ जुन्या पद्धतीचा होता. मोठे दिवे, राखाडी पडदा, भिंतीवर पुराचा तो फोटो पुरुषभर उंचीचा. मागे एका दाराला कुलूप होतं. फोटो धुवायची अंधारखोली, दादा म्हणाले. फिल्मचे दिवस संपल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही, जाळी धरलीत नुसती.

"तुम्ही कॉम्प्युटरवर काम करत नाही?"

"मला नाही ते जमत, ताई. आम्ही हाताने काम करणारी माणसं. मेहुणे चेष्टा करायचे माझी."

"त्यांचा तो फोटो पाहिलात?"

"नाही. बहीण फोनवर म्हणाली, आलाय म्हणून. मला तर वाटतं, माणूस कामाने पिचला होता. समुद्रावर बसलाय, मागे दोन होड्या डुलताहेत, डोक्याला ताप नाही. बसू दे की चार दिवस. येईल आपण होऊन."

भिंगताई उठल्या. दादांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि रविवारी समारंभाला नक्की या म्हणून आग्रह केला.

घरी येऊन त्यांनी आधी शिक्षिकेला फोन केला. दादाला फोटोत काय काय आहे ते सांगितलं होतं का? ती म्हणाली, समुद्रावर बसलेत एवढंच सांगितलं. मग त्यांनी खण उघडला. फेकून द्या म्हटलेली डिस्क त्यांनी फेकलेली नव्हती. परीक्षण छापून येईपर्यंत त्या काहीच फेकत नसत. सातव्या प्रकरणापर्यंत त्या पोचायच्या आतच दुसरी डिस्क आली होती, म्हणून ती सोय त्यांनी अजून वापरून पाहिली नव्हती.

जुनी डिस्क चालू झाली. यादीत 'ठिगळ शोधा' होतं.

त्यांनी समुद्राचा फोटो उघडला आणि ते दाबलं. पडद्यावर दोन जागा लाल झाल्या. एक, कठड्यावर बसलेला माणूस. दुसरी, होडीच्या बाजूचं मोकळं पाणी, जिथे काहीच नव्हतं. भिंगताईंनी ते पाणी मोठं करून पाहिलं. लाटेचा एकच तुकडा तिथे पुन्हा पुन्हा छापलेला होता. खालचं काहीतरी झाकलं होतं. काहीतरी लांबट.

मग त्यांनी नमुन्याचे फोटो एकेक करून तपासले. फुलदाणी, पूल, सायकल, मांजर. सगळे स्वच्छ. शेवटच्या फोटोवर त्यांनी बटण दाबलं आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा दाबलं. नंतर त्यांनी इन्स्पेक्टरला फोन लावला.

इन्स्पेक्टर आधी ऐकेचना. बंद खोलीच्या एका फिरत्या पंख्यावरून शहरातल्या एवढ्या मान्यवर माणसाचं दार फोडलं, तर उद्या माझी बदली कुठे होईल, ते सांगा, तो म्हणाला. पण भिंगताई फोन ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनी एवढंच मागितलं, की त्याने सोबत यावं आणि नुसतं उभं राहावं. आत माणूस असेल तर तो कुठल्या अवस्थेत असेल, कोण जाणे. शेवटी तो निघाला.

दुपारी सगळे स्टुडिओत जमले. शिक्षिका, भागीदार त्याच्या मांडीवरच्या कॉम्प्युटरसकट, दाराशी इन्स्पेक्टर आणि एक हवालदार. दादांनी हसून सगळ्यांकडे पाहिलं, पण कोणी हसलं नाही.

"मी थोडक्यात सांगते," भिंगताई म्हणाल्या. "मला घाई आहे. यांच्या मेहुण्यांचा समुद्रावरचा फोटो खोटा आहे. घरातल्या कुठल्या तरी फोटोतून त्यांना कापून समुद्रावर बसवलंय, म्हणून अंगातला शर्ट कपाटात आहे. हे भागीदारांनी केलेलं नाही. त्यांना कापाकापी किती येते, ते त्यांच्या पत्रकावर दिसतं. इथे केस न् केस सुटा काढलाय, वर फिल्मचे कण पेरलेत. हा ज्याचं आयुष्य फोटोत गेलं त्याचा हात आहे."

दादा शांतपणे म्हणाले, की शहरात फोटोग्राफर पुष्कळ आहेत.

"आहेत. पण त्यांतल्या एकानेच मला सांगितलं, की फोटोत मागे दोन होड्या आहेत. फोटोत एक होडी आहे, दादा. दुसरी होती, ती रंगवून झाकलीय. ज्याने मूळ समुद्राचा फोटो काढला आणि ज्याने ती होडी पुसली, त्यालाच ती आठवणार. तुम्ही तर फोटो पाहिलेलाच नाही म्हणता."

शिक्षिकेने भावाकडे पाहिलं. दादांची बोटं दाढीत अडकून राहिली.

"आता दुसरी डिस्क. ती पाठवणाऱ्याने एक सोय पुसली, पण पुस्तकात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणजे पुस्तक लिहिणारे भागीदार नव्हेत. आणि स्वतः प्रोग्राम लिहिणारा आपलं वर्षाचं काम कशाला पुसेल? पुसणाऱ्याला एकच भीती होती. मी परीक्षणासाठी ती सोय नमुन्याच्या फोटोंवर चालवून बघीन. नमुन्यातून एखादा फोटो काढून काय उपयोग? तो घरोघरी लागलेला आहे. कोणीही त्याच्यावर बटण दाबलं असतं."

त्यांनी भागीदाराला खूण केली. त्याने कॉम्प्युटर सगळ्यांकडे वळवला. पडद्यावर पुराचा फोटो होता. त्याने बटण दाबलं.

पाणी तसंच राहिलं. जवान तसाच राहिला. त्याच्या हातांतलं मूल लाल झालं.

"बंद कर ते," दादा म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना.

"तुमच्या मेहुण्यांनी हे आधीच पाहिलं होतं. ज्या माणसाशी बोलायचंय म्हणून ते थांबले होते, ते तुम्ही. ते इथे आले. त्यांच्या खिशात ऑफिसच्या किल्ल्या होत्या. आणि ज्या खोलीकडे तुम्ही म्हणता कोणी फिरकत नाही, तिचा पंखा..."

भिंगताईंचं वाक्य पुरं झालं नाही. शिक्षिका उठून भावासमोर जाऊन उभी राहिली होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. वर्गात एखाद्या पोराला विचारावं, तसं तिने विचारलं.

"दादा, ते आत आहेत का?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

प्रोग्रामर जिवंत होता. अंधारखोलीत सतरंजीवर पडलेला, तापाने फणफणलेला, पाय गुडघ्याखाली सुजून काळानिळा झालेला. जवळ पाण्याची बाटली आणि पावाचा तुकडा होता. बायकोचा आवाज ऐकून त्याने डोळे उघडले आणि तोंडावर हात आडवा धरला. उजेड त्याला सोसवत नव्हता.

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. काही दादांनी पोलिसांना सांगितलं, काही प्रोग्रामरने दवाखान्यातल्या खाटेवरून. तो त्या सकाळी कोणतीही धमकी द्यायला गेला नव्हता. समारंभाच्या आधी तुम्ही स्वतःच खरं सांगून टाका, एवढंच तो म्हणाला होता. दादांनी आधी विनवण्या केल्या, मग ती सोय काढून टाक म्हणाले. तो नाही म्हणाला. झटापटीत तो जिन्यावरून कोसळला आणि पाय मोडला. त्या क्षणी डॉक्टरला बोलावलं असतं, तर तो नुसता अपघात ठरला असता. दादांनी त्याला ओढून आत नेलं. रविवार एकदा होऊन जाऊ दे, मग सोडतो, असं ते रोज सांगत होते. त्याला, आणि बहुधा स्वतःलाही. कॉम्प्युटर आपल्याला येत नाही हेही खोटंच होतं. प्रोग्राम कच्चा होता तेव्हापासून तो पहिल्यांदा वापरून बघणारे दादाच. मेहुण्यानेच हौसेने शिकवलं होतं. समुद्राच्या फोटोतली दुसरी होडी मोठी, ओळखीची, आणि केव्हाच मोडीत निघालेली होती. ती ठेवली असती, तर फोटो जुना आहे हे कोणीही सांगितलं असतं. म्हणून ती गेली.

स्टुडिओच्या झडतीत पुराच्या फोटोची मूळ फिल्म सापडली. दादांनी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती. इन्स्पेक्टरने ती उजेडासमोर धरून भिंगताईंना दाखवली. तेच पाणी, तोच जवान. पुढे केलेले हात रिकामे होते. तो ज्याला शोधत आत गेला होता, ते मूल त्याला सापडलं नव्हतं. रिकाम्या हातांच्या माणसाचा फोटो कोण छापणार, असं दादांना तेव्हा वाटलं होतं.

संग्रहालयाने समारंभ रद्द केला. पण भिंगताईंना चैन पडेना. बातमी पेपरात यायच्या आधी ती एका माणसाला कळायला हवी होती, असं त्यांना वाटत राहिलं. फोटो गाजल्यावर थोड्याच दिवसांत तो जवान नोकरी सोडून गाव सोडून गेला होता. अग्निशमन दलातल्या एका जुन्या माणसाकडून त्यांनी त्याचा नंबर मिळवला.

त्याने सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"लोक घरी यायचे," तो म्हणाला. "बायका पाया पडायच्या. सुरुवातीला मी सांगत होतो, की तसं झालं नाही. कोणी ऐकायचंच नाही. फोटो आहे ना म्हणायचे. मग मीही सांगणं सोडलं. इथे कोणी ओळखलं तर विचारतात, ते पोर आता केवढं झालं असेल हो?"

"तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, मोठं झालं असेल."

मग तो म्हणाला, "मला न सापडलेल्या त्या पोराची आई आहे अजून, पुराच्या त्याच गावात. फोटो पाहून तिला काय वाटलं असेल, ते विचारायला मी कधी गेलो नाही. आता जाईन म्हणतो."